जाड तेलाचे तीन हिवाळे

प्रिय मिस्त्री,

आजवर तुम्हाला चिठ्ठ्या लिहिल्या त्या 'क्लच सरकतोय' नाहीतर 'येताना फॅनबेल्ट आणा' एवढ्याच. त्यामुळे 'प्रिय' लिहिलं, पेन खाली ठेवलं आणि आधी भांडी घासून आले. आता बसलेय ती पत्र संपवूनच उठेन.

तुमचं पत्र परवा मिळालं. बंदरावरचे वर्कशॉपवाले तुम्हाला कायम करताहेत, राहायला खोली देताहेत आणि महिनाअखेरीस हो की नाही ते कळवायचंय, हे वाचून मी सासूबाईंना म्हटलं, चांगलं झालं. त्या म्हणाल्या, "मग तोंड एरंडेल प्यायल्यासारखं का केलंयस?" तुम्ही मात्र एकच विचारलंय, गाडी सकाळी सुरू होते का. तेवढं सांगते.

होते. एका सेल्फमध्ये होते. काचेवर दंव गोठून पांढरं झालेलं असतं, दाराच्या कुलपावर फुंकर मारत बसावं लागतं, आणि ही बया हीटरचा दिवा विझल्यावर किल्ली फिरवली की लगेच गुरगुरायला लागते. पहिल्या दिवशी तर मी दचकले. पिठाची पोती बेकऱ्यांवर आता इतकी लवकर पोचतात की भट्टीवाले डोळे चोळत शटर उघडतात आणि माझ्यावरच चिडतात.

नाहीतर मागचे तीन हिवाळे आठवा. सेल्फ मारला की इंजिन नुसतं कण्हायचं आणि बॅटरी मान टाकायची. मी फोन करायचा, तुम्ही मफलर गुंडाळून सायकलवर हजर. इंजिनाच्या पोटाखाली, तेलाच्या चेंबरला धग लागेल अशी निखाऱ्यांची पाटी सरकवायची आणि तेल पातळ होईपर्यंत आमच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसायचं. सासूबाई गुडघ्यांचं रडगाणं सांगायच्या आणि तुम्ही जुन्या गिअरबॉक्सचं ऐकावं तसं गंभीर होऊन ऐकायचात. एकदा बोलता बोलता निखारे विझून गेले, तरी कुणाला वाईट वाटलं नाही. शेजारच्या टेम्पोवाल्याने मला अक्कल शिकवली होती, की इंजिन रात्रभर चालूच ठेवा, सुरू करायची कटकटच नको. ठेवलं. सकाळी टाकीत डिझेलचा टिपूस नव्हता. त्या दिवशी तुम्ही इतके हसलात की चहा सांडला. नवरा गेल्यापासून या घरात एवढं मोठ्याने कुणी हसलं नव्हतं.

तर झालं असं, की गेल्या आठवड्यात तेल जरा कमी दिसलं म्हणून तेलवाल्याकडे गेले आणि नेहमीचं जाड तेल मागितलं. त्याने चष्मा कपाळावर चढवला. म्हणाला, "ताई, ते उन्हाळ्यातलं. थंडीत थिजतं. डब्यावरचा पहिला आकडा लहान असेल तेच न्या." म्हटलं, आमचे मिस्त्री तर हिवाळ्यातही जाडच घालायचे, गाडी जुनी आहे म्हणून. तो म्हणाला, "तेच मला कधी कळलं नाही. बाकी सगळ्यांच्या ट्रकना पातळ न्यायचे, तुमच्या एका गाडीला जाड. मला वाटलं, तुमचाच हट्ट असेल."

मी गाडीत येऊन बसले आणि हसत सुटले. नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलंय हे सांगणारा माणूस, आणि त्याला थंडीत तेल थिजतं हे ठाऊक नाही? ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तेही तीन हिवाळे. दोन सेल्फ जळले, ते तुम्ही निमूटपणे स्वतःच नवे आणून बसवलेत, तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. सासूबाईंना सांगितलं तर म्हणतात कशा, "मला पहिल्याच हिवाळ्यात कळलं होतं. एवढा हुशार मिस्त्री आणि एकच गाडी त्याला दाद देत नाही?" मग मला का नाही सांगितलंत, असं विचारलं, तर म्हणाल्या, "मलाही सकाळी बोलायला कुणी हवं होतं."

हसून झालं आणि मग रडू आलं. जायच्या आदल्या दिवशी तुम्ही गाडीखाली शिरलात, पातळ तेल भरलंत आणि हात पुसत, माझ्याकडे न बघता म्हणालात, आता कुणाला बोलवावं लागणार नाही. मी 'बरं' म्हटलं. काय बावळट आहे मी. आता गाडी लगेच सुरू होते आणि मी ओट्याशी उभ्या उभ्या चहा ढोसून निघते. मला ते मुळीच आवडत नाही.

म्हणून हे पत्र. बंदरावर नाही म्हणून कळवा आणि परत या. गाडी ठणठणीत आहे, तिचं निमित्त आता सांगता यायचं नाही. हे सगळं आत्ताच सासूबाईंना वाचून दाखवलं. मनात धाकधूक होती, मुलाच्या आठवणीने त्यांना लागेल म्हणून. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बाकी ठीक आहे, पण तेलाचं फार लिहिलंयस आणि मुद्द्याचं काहीच नाही. स्पष्ट लिही, नाहीतर तो बिचारा पाने-पकडी घेऊन येईल." तेव्हा स्पष्ट लिहिते. माझ्याशी लग्न करा.

तुमचीच,
पीठवाली