वाळक्या झाडाचे बिऱ्हाडकरू

प्रिय बडबडे,

परवा तू नेलेल्या शिक्षकांच्या जंगलफेरीत शेवटून तिसरा, टोपी कानापर्यंत ओढलेला म्हातारा कोण, हे तू पहिल्याच वळणावर ओळखलंस. तरी सगळ्यांसारखंच मलाही ‘सर, जरा जपून’ म्हणालीस. रागावलो नाही गं. तू शाळेतली नोकरी सोडलीस तेव्हा ‘रानात भटकायला शिकवलं का तुला?’ असं मीच बोललो होतो. त्यानंतर सात वर्षं आपण फोनवर एकमेकांच्या तब्येतीच विचारतोय. म्हणून माझ्या जुन्या शाळेच्या बाईंनी तुझ्या फेरीच्या यादीत एक जागा उरलीय म्हटल्याबरोबर मी निघालो.

चाळीस वर्षं मी झाडांच्या कविता चालीवर म्हणून घेतल्या, आणि कविता संपली की प्रत्येकाला एक हिरवं पान तोडून वहीत चिकटवायला लावलं! ते आठवून तिथे मान वर करवेना. जेवतानाही गप्प न बसणारी तू, पण आम्हा बावीस मास्तर-बाईंना दहा मिनिटं तोंड मिटून उभं केलंस. ओठांवर आलेली कविता मी गिळली.

मग तू त्या वाळक्या खोडापाशी थांबलीस. म्हणालीस, याला मेलेलं म्हणू नका, हे भरलेलं घर आहे. ढोलीत पक्षी, सालीखाली किडे, बुंध्याशी अळंबी. पाडायची घाई करू नका. गणिताचे मास्तर माझ्या कानाशी कुजबुजले, ‘बाई तुमच्याबद्दलच बोलतायत हो.’ मी हसलो, पण मनात घरचं झाड आलं. घरामागचं तुझ्या आईनं लावलेलं झाड गेल्या वर्षी वाळलं. ती गेल्यावर ते असं उघडंबोडकं बघवेना, म्हणून लाकूडतोड्याला सांगून ठेवलं होतं.

काल तो करवत घेऊन आला. रस्त्यावर झुकलेली तेवढी फांदी उतरवून घेतली आणि त्याला चहा पाजून परत पाठवलं. मग खुर्ची टाकून तू सांगितलंस तसा गप्प बसलो. थोड्या वेळानं वरच्या ढोलीतून एक चोच बाहेर आली. कोणाची, ते कळेना. मी जन्मभर ‘पाखरू’ म्हणून भागवलंय. पोरी, तुझ्यामुळे आईचं झाड वाचलं. ते सात वर्षांपूर्वीचं बोलणं मी मागे घेतो. एकदा घरी ये, त्या पाखराचं नाव सांग. आणि मला ‘सर’ म्हणू नकोस.

तुझाच,
बाबा