पिशवीला आठवत नाही

२ डिसेंबर २०२४, सकाळी ५.५०
पांढुर्णा स्टेशन. सुनीताची शाल घडी करून मांडीवर ठेवली नि लिहायला घेतलं. नागपूरला चाललो, सु.ला बारावा आठवडा. आम्ही दोघेही सिकलसेलचे वाहक, हे चिमी झाल्यावर कळलं. ती आता पाच वर्षांची. तिला तो आजारच आहे; थंडी पडली की तिची हाडं दुखतात. लग्नाआधी तपासलं असतं तर

३ डिसेंबर
काल पोटात सुई घालून बाळाच्या वारेचा नमुना घेतला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आजाराची चारात एक शक्यता." मी विचारलं, बाळाचं तर ठरून गेलं असेल ना? "पहिल्या दिवशीच ठरलं. शक्यता तुमच्या-माझ्यासाठी." रिपोर्ट दहा दिवसांनी.

५ डिसेंबर
आई जामसांवलीच्या मारुतीला नारळ फोडून आली. खूश. "चारात एक म्हनते ना डाक्टरीन? मंग एक तं झाली आपली चिमी. आता तिघं चांगलेच होतीन." सु. किती दिवसांनी हसली. पोटभर जेवली. हिशेब चुकतोय असं वाटलं. 

८ डिसेंबर
मंडीतून चार संत्री आणली. एकावर कोळशाची खूण. पिशवीत घातली, न बघता एक काढलं. खुणेचं. परत टाकलं, हलवलं, काढलं. पुन्हा खुणेचं. आधी काय निघालं ते पिशवीला आठवत नाही.
आई दारातून, "काय करून राहिला बे? संत्रे का खेळाले आनले?"
सु. मागे उभी होती. तिला कळलं. "तुमाले कोनं सांगतलं होतं मोजाले?"
जेवली नाही.

११ डिसेंबर
फोन नाही. चिमीचे हात ठणकताहेत. सु. शेकत होती. "अजून एकाले असंच शेकू?" एवढंच बोलली. वाईट निघालं तर काय करायचं, हे आम्ही दोघंही

१३ डिसेंबर
दुपारी फोन. रिपोर्ट आला. "फोनवर सांगत नाही, उद्या दोघंही या." चांगला असता तर सांगितला असता? की सगळ्यांनाच बोलावतात? विचारायचं राहिलं.
संध्याकाळी चिमीला जरा बरं. तीच पिशवी घेऊन बसली. एक संत्रं काढून पाठीमागे लपवलं. "बाबा, सांगा, कोनतं?"
गॅसपाशी सु.चा हात थांबला. वळली नाही. "दाखवू नको, चिमे. तसंच टाक आत."
चिमीने तसंच टाकलं. तिनेही पाहिलं नाही.
सकाळची गाडी आहे. शाल काढून ठेवली.