हुंकाराला सोडलेली जागा

मंगळवार, १४ ऑक्टोबर २००८
संध्याकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. कपडे दोरीवर टाकून आत्ताच टेकलो आहे.

प्रिय ताई,

तुझा मेसेज मिळाला. मिळून आठवडा झाला, उत्तराला आज बसतो आहे. मोबाईलवर मराठी उमटत नाही, आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं की माझं मलाच लागत नाही, म्हणून पत्र. शिवाय तुझा फोन अर्धा वेळ भाऊजींच्या खिशात असतो. त्यांनी वाचलं तरी हरकत नाही, पण आधी तू वाचावंस असं वाटतं. तू लिहिलं होतंस की आईने एवढं सांगितलं आणि तू हसलास, आता तिला फोन करू नकोस. तेवढंच. खाली नावही नाही. त्या दिवसापासून मी तिला रोज फोन लावतो. ती उचलत नाही. फोनच्या पडद्यावरचे सेकंद सुरूच होत नाहीत, त्यावरून कळतं. आई माझ्याशी इतके दिवस बोलली नाही असं कधी झालं नव्हतं. लहानपणी मी तिच्या पगाराचं पाकीट विहिरीत टाकलं तेव्हासुद्धा तिने मला जेवायच्या आत दोनदा हाक मारली होती. तेव्हा ताई, रागावली असलीस तरी हे पत्र शेवटपर्यंत वाच आणि मगच फाड.

इथली खोली तुला अजून नीट सांगितलेली नाही. खाली पुठ्ठ्याच्या खोक्यांचं गोदाम आहे, वर आमची खोली, लोखंडी जिन्याची. मी आणि पेंटर दोघे राहतो. पेंटर म्हणजे पूर्वी सिनेमाची मोठमोठी पोस्टरं रंगवायचा. आता ती छापूनच येतात, म्हणून तो दुकानांच्या शटरवर नावं घालतो. त्याच्या कॉटच्या वरच्या भिंतीवर त्याचा आवडता हिरो त्याने स्वतः काढला आहे, छातीपर्यंत. खाली ओल आली म्हणून पुढे काढला नाही. घरमालकीण म्हणाली होती, भिंत घाण केलीस तर भाडं वाढवीन. चित्र बघितल्यावर म्हणाली, ह्याचे डोळे जरा मोठे कर. आल्या दिवशी पेंटरने मला पहिला प्रश्न विचारला तो गावाचा नाही की कामाचा नाही. तुझा हिरो कोण, असं विचारलं. मी म्हटलं, मी मालिका बघतो. तो म्हणाला, म्हणजे तू आमच्या आईच्या पार्टीचा. तेव्हापासून तो मला सूनबाई म्हणतो. शहराची भीती घातली होती सगळ्यांनी, की तिथे गोंगाटाने डोकं फिरतं, झोप येत नाही. मला तसं काही झालं नाही. आल्यावर पहिले काही महिने झालं असेल, पण नंतर नाही. मला तर हे शहर दिवसेंदिवस शांत वाटत गेलं.

तुला आठवतं का, आई प्रसूतिगृहातल्या कामावरून सुटून यायची ती सव्वानऊला, आणि मालिका असायची आठला. तिचं ताट वाढायचं तुझ्याकडे आणि भाग सांगायचं माझ्याकडे. मी थोरल्या जावेचा आवाज नाकातून काढायचो आणि धाकटीचा रडवेला. तू स्वयंपाकघरातून ओरडायचीस की अरे, एवढं काही झालं नाही, आज त्यांनी नुसता चहा घेतला. आणि आई म्हणायची, तू गप गं, त्याला सांगू दे, त्यांचा चहा मला पंधरा मिनिटं पुरतो. ती घास हातात धरून हूं म्हणायची. हूं, मग. हूं, मग. थोरलीचं नाव निघालं की मेली कुठली. आणि चाकांच्या खुर्चीतले ते मामंजी, जे पहिल्या भागापासून एक शब्द बोलले नाहीत, त्यांच्यावर तिचा सगळा जीव. त्या घरात तेवढाच शहाणा आहे, बोलत नाही, असं म्हणायची. मी निघालो त्या दिवशी एस्टी हलता हलता तिने खिडकीतून काय सांगितलं असेल? जप, जेव, काही नाही. म्हणाली, म्हातारा बोलला तर त्याच दिवशी कळव, मी कामावर असले तरी.

म्हणून इथे आल्यावरही मी साडेनऊला फोन करून भाग सांगायचो. तुला वाटत असेल आमच्याकडे टीव्ही आहे. नाही. कारखान्यातून येताना चौकात टीव्हीचं मोठं दुकान आहे, त्याच्या काचेत सहा टीव्ही लावलेले असतात. सहाही टीव्हींवर एकच थोरली, प्रत्येकीच्या साडीचा रंग थोडा वेगळा. आठ वाजता मी तिथे उभा राहायचो. काचेतून आवाज येत नाही, तेव्हा ओठ आणि डोळे बघायचे आणि बोलणं आपण घालायचं. वॉचमन सुरुवातीला हटकायचा, पुढे बाकड्यावर सरकून जागा द्यायला लागला. ताई, मी आईला जे सांगायचो त्यातलं निम्मं माझं असायचं. तिला ते कळत असणार, कारण तुझ्याकडे टीव्ही आहे आणि तू गप्प बसणारी नाहीस. तरी एकदा ती म्हणाली होती की टीव्हीवरच्या बायका फार रडतात, तुझ्या त्यामानाने कामाच्या आहेत. ते तिचं वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं.

काम पत्र्याच्या डब्यांचं आहे. मी झाकणांच्या प्रेसवर होतो. पत्रा सरकवायचा, पायाने पेडल दाबायचं, झाकण पडतं. अशा अकरा प्रेस एका छपराखाली, वरही पत्राच. तिथे कोणी तोंडाने बोलत नाही. पाणी हवं तर अंगठा ओठाला, साहेब आला तर बोट मनगटावर, कारण तो सारखं घड्याळ बघतो. त्याला नावच घड्याळ पडलं आहे. पहिल्या दिवशी कानात घालायला कापूस देतात. मी तो घालत नव्हतो. कारण सांगितलं तर तू हसशील. माझ्या प्रेसचा ठोका बरोब्बर आपल्या मालिकेच्या सुरुवातीच्या गाण्यासारखा होता. दोन जड, एक हलका, मग थांबा. कापूस घातला की नुसते धक्के जाणवायचे, काढला की गाणं लागायचं. दिवसभर मी आत आत ते गाणं म्हणायचो आणि आपली खोली, तुझा पोळपाट, आईच्या चपलांचा दारातला आवाज, सगळं त्यावर चालायचं. शेजारच्या प्रेसवरचे काका हाताने खुणावायचे, घाल, घाल. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसांना काळजी करायची सवयच असते.

उन्हाळ्यात पेंटरने मला सिनेमाला नेलं. त्याच्याच हिरोचा, तिकीटही त्याचंच. हिरो विनोद करायचा, थिएटर हसायचं, आणि मी त्यांच्याकडे बघून हसायचो. बाहेर आल्यावर पेंटर म्हणाला, सूनबाई, तुला विनोद पोस्टाने येतात का रे? हे तो माझ्या खांद्यावर हात ठेवून, समोर येऊन म्हणाला. हल्ली तो माझ्याशी असाच बोलतो. मी म्हटलं, थिएटरचा आवाजच कमी होता. त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि रस्ता ओलांडताना माझा दंड धरला. पुढे एकदा मी दुपारच्या सुटीच्या घंटेनंतरही एकटाच झाकणं पाडत बसलो. मान वर केली तर सगळ्या प्रेस रिकाम्या आणि घड्याळ दारात उभा. दुसऱ्या दिवशी मला पॅकिंगला बसवलं. पगार कमी झाला, आणि मी तुला लिहिलं की मशिनी दुरुस्तीला गेल्या आहेत.

आता तुझ्या मेसेजच्या आदल्या दिवशीचं, त्या सोमवारचं. त्या दिवशी मामंजी बोलले, ताई. सहाही टीव्हींवर एकदम. कॅमेरा जवळ गेला, ओठ थरथरले, मग उघडले. चांगलं लांबलचक बोलले, थोरली खाली बसली, धाकटीने तोंडाला पदर लावला. आईने सांगितलं होतं त्याच दिवशी कळव. मी साडेनऊपर्यंतही थांबलो नाही, सव्वानऊला ती घरी पोचली असेल एवढा हिशेब करून फोन लावला. सेकंद सुरू झाल्याबरोबर म्हटलं, आई, म्हातारा बोलला. आणि नेहमीसारखा थांबलो, तिच्या हूंला जागा सोडून. मग रंगवून सांगितलं, थोरलीची किल्ली कशी पडली, सगळे कसे गोळा झाले. पुन्हा जागा सोडली. मग म्हटलं, आणि इतक्या वर्षांनी तोंड उघडून म्हातारा काय म्हणतो, तर चहात साखर कमी आहे. आणि मी हसलो. मला वाटलं आईही हसत असेल. आणखी हसलो. म्हटलं, बरं झालं ना, एकदाचं झालं, आता तू सुटलीस. फोन बघितला तर सेकंद थांबलेले होते. मला वाटलं रेंज गेली.

आता पत्र का लिहिलं ते. त्याच सोमवारी, मामंजींचे ओठ हलले तेव्हा वॉचमनने दार उघडून मला दंडाला धरून आत घेतलं, ओठांवरून कळलं ते एवढंच, की अरे रोज मुकं काय बघतोस, आज तरी ऐक. मी सहा टीव्हींच्या पुढ्यात उभा राहिलो, ताई, हाताच्या अंतरावर. काच मागे राहिली होती आणि तरी आवाज नव्हता. मी त्याला खुणेने म्हटलं, वाढव. त्याने वहीवर लिहून दाखवलं की शेवटपर्यंत वाढवलाच आहे. तिथून बाहेर येऊन मी आईला फोन केला आणि साखरेचं सांगितलं, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. डॉक्टर म्हणतात डावा कान गेला, उजव्यात थोडं उरलं आहे, तेही टिकायचं नाही, आणि गेलेलं परत येत नसतं. फोनवर आईचा आवाज मला उन्हाळ्यापासूनच येत नव्हता. मी फोनला दोष द्यायचो, रेंजला द्यायचो. ती कुठे हूं म्हणते, कुठे मेली कुठली म्हणते, हे मला पाठ होतं, तेवढी जागा सोडून मी बोलत होतो, आणि ती तिथेच बोलत असेल असं धरून चाललो होतो. तिचा आवाज शेवटचा कधी ऐकला तेही मला सांगता येत नाही. त्या वेळी ठाऊक असतं तर नीट ऐकला असता. त्या सोमवारी त्या जागेत ती हूं म्हणाली नाही, दुसरंच काही म्हणाली. तुझ्या तब्येतीचं काही आहे का, तिची तपासणी करायची राहिली होती तिच्यात काही निघालं का, कोणी गेलं का, मी आठवडाभर एकेक घालून बघतो आहे आणि प्रत्येकाच्या पुढे माझं हसू आणि आता तू सुटलीस हे येतं. ती काय म्हणाली ते मला लिहून पाठव. जमलं तर तिच्याच शब्दांत, तुझ्या नको. वाईट असलं तरी तसंच लिही. कानाचं तिला सांगायचं की मी निर्दय निघालो असंच राहू द्यायचं, ते तू ठरव. मला दोन्हींतलं कमी वाईट कोणतं ते कळत नाही. सांगितलंस तर एवढं विचार, की हूं म्हणताना ती मान हलवते की नाही. मी इतकी वर्षं समोर बसून तोंडाने सांगत होतो, पण त्याकडे कधी लक्षच दिलं नाही.

तुझाच,
धाकटा

आईला हिशेब लागतो, म्हणून खाली देतो:
कानाचे डॉक्टर, तपासणीसह ३५०
थेंब ६०
पेंटरचे देणे, येत्या पगाराला २००
कानाचं मशीन ७,००० सांगितलं, घेतलं नाही
आत घातलेलं पाकीट, माझा पत्ता लिहून आणि तिकीट लावून, तुझ्या उत्तरासाठी ६