दोन टोपल्यांची चव

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी बाजारात टमाटर दाबून पाहताना तुमचा अंगठा माझ्या अंगठ्यावर येऊन बसतो. मध्य प्रदेश राज्य नुकतंच झालं होतं, आणि इंदूरला तुम्ही आम्हाला शेती शिकवत होता. कॉलेजमागच्या वाफ्यातले काही टमाटर तुम्ही हिरवे तोडून पेंढ्यात पिकवले, काही झाडावरच लाल होऊ दिले. "रंग तर पेंढ्यातही चढतो," तुम्ही म्हणालात, "पण झाडाकडून घ्यायची गोडी फळानं घेतलीय का, ते जीभ सांगेल. डोळ्यांचं ऐकू नका." दोन्ही प्रकारांची एकेक टोपली चाखून चव लिहायचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलंत.

त्या संध्याकाळी शहरात, तुकोगंजातल्या सभेत माझं भाषण होतं. "क्या भिया, खट्टा खाके गला बैठ गया तो?" सोबतचा मुलगा हसला. "मग लोकांना फेकायला टमाटर आपणच पुरवू!" मी घाबरलो. चाखलंच नाही. दोन्ही टोपल्या सारख्याच लाल दिसत होत्या. दोन्हींपुढे 'गोड' लिहून निघालो. आणि व्यासपीठावरून गरजलो, पुराव्यावाचून काहीही मानू नका! टाळ्या थांबेनात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पेंढ्यातला एक टमाटर चिरता आहात. फोड तोंडात घेता, थांबता, दुसरी घेता. "मला पाणचट लागतोय रे, आंबट. तू गोड लिहिलंस?"

"गोडच आहे, सर."

तुम्ही माझ्याकडे पाहता. त्या नजरेत संशय नाही, आणि तेच मला आजही सोसत नाही. "मग माझीच जीभ गेली. वय झालं." त्यानंतर तुम्ही कधी चाखायला बसला नाहीत. जवळच्या सांवेर गावच्या शेतकऱ्यांना "हिरवे तोडले तरी चव तीच" असं सांगितलंत. घरी भाजीत मीठ बरोबर आहे का, हेही काकूंना विचारू लागलात.

तुमच्या शोकसभेत मी बोललो. माणसं रडली. तेव्हाही हे बोललो नाही, आणि हा कागदही कुणाच्या हाती जाणार नाही. सर, तुमची जीभ शाबूत होती. त्या दिवशी तुम्ही खोलीबाहेर गेल्यावर ताटलीत उरलेली फोड मी खाल्ली होती. आंबट होती.