दिव्यावरची टिकली

गुरुवार, संध्याकाळ, मुलुंड

घाटकोपरच्या सिग्नलला डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा दिसला. समीर गेल्यापासून गाडी मीच चालवतेय, हा दिवा कधी दिसला नव्हता. तशीच गॅरेजला नेली. मेकॅनिकने मशीन लावलं आणि म्हणाला, "सेन्सर गेलाय, ताई. पण दिवा आजचा नाय. कित्येक महिने पेटलेलाच आहे."

शक्यच नाही, म्हटलं. मला दिसला नसता?

मग पायाशी, मॅटवर, सुटून पडलेली टिकली दिसली. काळी, माझीच. दिव्यासमोरच्या काचेवर तिच्या गोंदाचा गोल अजून चिकट होता.

बाथरूमच्या आरशावरून कधी उचललीस, समीर? दिवा बघून मी गॅरेजचा धोशा लावला असता, म्हणून झाकलास ना? एवढंच ना?

छातीत दुखायचं तेव्हाही हसायचास. "ॲसिडिटी आहे गं, तू नको टेन्शन घेऊ."

सेन्सर बदलला, दिवा विझला. तरी घरी येईपर्यंत नजर त्या चिकट गोलावरच. टिकली पर्समध्ये ठेवलीय, टाकवत नाही.

आणखी काय काय झाकलं होतंस रे?