गुरुवारचा उपास

आई,

तुम्ही फुलं काढायला परसात आहात, तेवढ्यात लिहितेय. समोर बोलायचा धीर होईना. मी सांखळीला दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावायला पुढे जाते. हे तुम्हाला दहा वाजता स्कूटरवरून आणतील. साखरेचे रिपोर्ट घेऊन या.

काल तुमच्या उशीचा अभ्रा धुताना रक्ताचे डाग दिसले, तेव्हा कुठे मला उमगलं. आधी सोमवार होता, मग गुरुवार धरलात, मग शनिवार. दूध-केळ्यावर दिवस काढलात. मला वाटलं, माझ्या हातचं नको म्हणून उपास. धारगळच्या वन्संना मी तसं सांगितलंसुद्धा. साखरेला चांगली म्हणून मी नाचणीची भाकरी वाढत राहिले, आणि ती तुम्हाला चावतच नव्हती. एकदा तुम्ही म्हणालात, "हिरडी ठणकते गो." मी म्हटलं, "भाकरी बघितली की बरी ठणकते!" त्यानंतर तुम्ही कधी बोललाच नाहीत.

डॉक्टर फोनवर म्हणाले, साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आणखी चढते. पण इलाज आहे. तेवढी मशेरी मात्र आजपासून बंद.

टोपात मऊ पेज आहे. ती खाऊनच गोळी घ्या. पोदेराने दिलेले उंडे पाव कडक आहेत, ते ह्यांना.

वन्संना मी खरं काय ते कळवलंय.

आज गुरुवार आहे, ठाऊक आहे मला. तरी जेवा. उपास मोडल्याचं पाप लागलंच, तर ते माझ्या माथी.

सिद्धी