शेवटची पंधरा मिनिटं

भिवंडी,
रविवार

प्रिय किशन,

तुझं पत्र मिळालं. आपल्या कॉलेजच्या टीमसाठी तू तुझ्या वडिलांच्या, राघोबाबांच्या नावाने ढाल ठेवतोयस आणि ती माझ्या हातून द्यायची म्हणतोस. आश्रमशाळेत सर झालास तरी अक्षर काही सुधारलं नाही हो तुझं! तरी चारदा वाचलं. पण किशन, मला हो म्हणवत नाही. का ते सांगते. सगळं वाचून झालं की मला बोलवायचं की नाही, ते तू ठरव.

मी लायब्ररीतली बाई. खेळाशी माझा संबंध क्रीडा मासिकं बांधून ठेवण्यापुरता. मॅनेजर व्हायला कुणी तयार होईना म्हणून प्राचार्यांनी मला उभं केलं. तुमच्यातल्या दिनेशने दापोड्याच्या गोदामातून पॅकिंगचा फोम आणला, निजामपुऱ्यातून लूमचं कापड आणलं आणि आपण लायब्ररीत बसून खांद्याचे पॅड शिवले. हेल्मेटांना शिपाई मडकी म्हणायचा. अमेरिकन फुटबॉल म्हटलं की जो तो विचारायचा, मग चेंडू हातात कसा? उत्तरं देऊन माझं तोंड दुखायचं. तू सेंटर. तू वाकून पायांमधून चेंडू मागे आल्हादला द्यायचास, तेव्हा कुठे डाव सुरू व्हायचा. टाळ्या त्या आल्हादला, आणि तू आपला पडलेल्यांना उठवत फिरायचास. मलाच राग यायचा. तुला कधी आला नाही.

सामन्याआधी सगळ्यांचे फोन माझ्या पिशवीत, हा नियम माझाच. फायनलच्या दिवशी तू येणारच नव्हतास. राघोबाबा दोन महिने काविळीने अंथरुणावर होते आणि डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. पण त्यांनीच तुला खेळून ये म्हणून पाठवलं. पिशवीत फोन टाकताना तू म्हणालास, "मॅडम, घरून फोन आला तर लगेच सांगा हां." मी हो म्हणाले.

फोन आला. तुझ्या बहिणीचा, कमळीचा. चारपैकी तिसरा क्वार्टर नुकताच संपला होता. आपण दोन गुणांनी मागे होतो, आणि भाविकचा पाय मुरगळल्यापासून आपल्याकडे मैदानात लागतात तेवढीच, बरोबर अकरा पोरं उरली होती. कमळी रडत नव्हती. "मॅडम, दादाला धाडा ना. बाबा थांबायचा न्हाय आता," एवढंच म्हणाली. तू माझ्यापासून दहा पावलांवर पाणी पीत होतास. मी नुसती हाक मारायची होती. मी तिला म्हणाले, पंधराच मिनिटं राहिलीत गं, संपलं की लगेच पाठवते.

पंधरा मिनिटं! या खेळातली पंधरा मिनिटं किती लांबतात, हे अख्ख्या भिवंडीत माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? चेंडू बाहेर गेला की घड्याळ थांबतं, टाइमआउट झाला की थांबतं. पालकांना हे मीच हसत हसत समजावायचे. त्या दिवशी पंचावन्न मिनिटं लागली. आपण जिंकलो. पोरांनी तुला खांद्यावर घेतलं, फोटो झाले, त्यात आणखी दहा गेली. मग मी तुझ्या हातात फोन दिला आणि म्हणाले, आत्ताच आला होता. तू वेळ पाहिली नाहीस. माझ्यावर विश्वास होता ना तुझा.

रिक्षात मी तुझ्या शेजारी बसले होते. अकलोलीच्या पलीकडे तुमच्या पाड्यावर पोचेपर्यंत तुझ्या अंगावर ते पॅड तसेच होते. राघोबाबांना जाऊन वीस मिनिटं झाली होती. बाबा काही बोलला का, असं तू कमळीला विचारलंस. सोळा वर्षांची पोर ती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तुला म्हणाली, "काय न्हाय रे दादा. दुपारपासून सुदच नव्हती." तुझ्या जिवाला लागू नये म्हणून बोलली बिचारी. मी मात्र स्वतःसाठी गप्प बसले, ती सहा वर्षं. पुढच्या वर्षी गुडघ्यांचं निमित्त सांगून टीम सोडली. गुडघे ठणठणीत आहेत माझे.

कदाचित मरेपर्यंत अशीच गप्प बसले असते. पण तुझ्या पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस, "बाबा माझं नावही न घेता गेले, ते अजून सलतं. आणि तुम्ही फोन आल्याबरोबर मला सोडलंत, म्हणून ढाल तुमच्याच हातून." किशन, यातलं एकही खरं नाही. त्या फोनमध्ये कमळीच्या मागून राघोबाबांचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. "किसन, ए किसन, इकडं ये रं." कमळी बोलत होती तोवर ते सारखे हाका मारत होते, आणि त्या ऐकत मी तिला पंधरा मिनिटं सांगितली. माफी मागायला मला तोंड नाही. पण बाबा तुझं नाव न घेता गेले, असं यापुढे कुणालाही सांगू नकोस.

तुझीच,
विद्युल्लता मॅडम